नगरची करडई, गोव्याची फळी

करडईच्या तेलाची बरणी फडताळात विसरली, की तिच्या तोंडाशी पिवळट चिकटा धरतो. नखानं खरवडला तर रबरासारखा सुटतो. करडई आणि जवस ही नगरच्या कोरडवाहू रानांतली रब्बीची पिकं, त्यामुळे हा चिकटा इथल्या घरांना नवा नाही. प्रबोधनकाळातली युरोपची तैलचित्रं याच चिकट्यावर उभी राहिली.

हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं. जवसाच्या तेलातल्या निम्म्याहून अधिक स्निग्धाम्लांच्या साखळीत तीन-तीन दुहेरी बंध असतात. त्यांच्याशी ऑक्सिजनची गाठ पडली, की शेजारच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि रंगाची पूड त्या जाळ्यात कायमची अडकते. म्हणूनच ‘वाळताना’ या तेलाचं वजन आधी वाढतं! शेंगदाण्याच्या तेलात असे बंध थोडे, त्यात कालवलेला रंग ओलाच राहील. करडईचं तेल जवसापेक्षा सावकाश वाळतं, पण पिवळं कमी पडतं. आजही पांढऱ्या तैलरंगात ते वापरतात.

मला खरी कारागिरी दिसते ती फळीच्या तयारीत. लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतं, लांबीत फारसं नाही. त्यावर सरसात कालवलेल्या खडूचे किंवा जिप्समचे थर द्यायचे, घासून गुळगुळीत करायचे, मग रंग. खालच्या थरात तेल कमी, वर वर जास्त. कारण वरचा थर लवचिक नसेल तर तडकतो. एवढी काळजी घेऊनही मोनालिसाची पॉप्लरची फळी वाकलीच. तिच्या डोक्यावर सुमारे 11 सेंटिमीटरचा तडा आहे.

मग पावसाळी गोव्यात काय होत असेल? तिथे 1547 मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रोनं गव्हर्नर-व्हाइसरॉयांची चित्रं काढून घ्यायला सुरुवात केली. इतिहासकार गास्पार कोरैयाच्या देखरेखीखाली एका स्थानिक चित्रकारानं सुरुवातीची चित्रं लाकडी फळ्यांवर रंगवली. 1570-71 मध्ये मुर्तझा निजामशहानं नगरहून येऊन पोर्तुगीजांच्या चौलला वेढा घातला, तेव्हाचा व्हाइसरॉय लुईश द अताईदही या मालिकेत आहे. आज ही चित्रं जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. शतकानुशतकं ती पुन्हा पुन्हा रंगवली गेली. आज दिसणाऱ्या चेहऱ्यांखाली जुने चेहरे आहेत.