तितर बेवारस नाही

हिवाळ्यात आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथ-बेल्याकडं पऱ्हाटी वेचणीला आलेली असते. उजाडता उजाडता धुऱ्यावरच्या बोरीखालून तितर हाका मारतो, त्याला पलीकडच्या बरडावरून दुसरा उत्तर देतो. या पाखराला आपल्याकडं केवढा मान! यजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेचं नाव त्याच्यावरून पडलं, अशी कथा आहे. पण त्याला धरायचं की नाही, याचा निकाल पारावर अजूनही ऐकीव गोष्टींवरच लागतो. त्यातल्या काही गोष्टी तपासून पाहू.

गैरसमज : कायदा वाघा-मोराला आहे, तितर-लाव्यांना नाही.
वस्तुस्थिती : या समजाला जुनं मूळ आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, तेव्हा तितर-लावे ज्या चौथ्या अनुसूचीत होते, तिचं नावच ‘लहान शिकार’ असं होतं. परवाना काढून ही शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीनं ती वाट बंद केली. पुढं २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अनुसूची सहाच्या चार झाल्या. आज तितर-लावे मारले तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मोर, माळढोक, तणमोर हे पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्यासाठी तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान पंचवीस हजारांचा दंड आहे.

गैरसमज : जंगलात गुन्हा, आपल्या वावरात फासा लावला तर कोण विचारतो?
वस्तुस्थिती : वावर आपलं असलं तरी पाखरू आपलं होत नाही. कायदा राखीव जंगलात लागू आहे, तसाच गायरानात आणि वावरातही. शिवाय ‘शिकार’ म्हणजे फक्त बंदुकीचा बार नव्हे. जाळं, फासा, विष, आमिष, हाका घालून पाखरं उठवणं, नुसता प्रयत्न करणं, इतकंच काय, घरट्याची किंवा अंड्यांची नासधूस करणं, हे सारं त्या व्याख्येत बसतं. बंदुकीचा परवाना असला तरी तो शिकारीचा परवाना ठरत नाही.

गैरसमज : आदिवासींना शिकारीची सूट आहे.
वस्तुस्थिती : गोंड-कोलामांच्या या जिल्ह्यात हा समज वरचेवर ऐकू येतो. १९७२ च्या कायद्यानं शिकारीचा हक्क राखून ठेवला तो निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींचा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जमीन, चराई, गौण वनोपज असे हक्क मान्य केले. शिकारीचा पारंपरिक हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळला.

गैरसमज : गुसाडीच्या टोपीसाठी मोर मारावे लागतात.
वस्तुस्थिती : दिवाळीत गोंडांच्या दंडारी उत्सवात गुसाडी नर्तकांच्या डोक्यावर मोरपिसांचे जाडजूड टोप असतात. मार्लावाईच्या कनक राजू यांना या नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मोर दरवर्षी पाऊस सरता सरता आपला पिसारा आपणच गाळतो, त्यासाठी त्याला मारावं लागत नाही. अशी गळलेली पिसं जवळ बाळगायला देशात मुभा आहे.

गैरसमज : धाब्यावर बटेर मिळते, म्हणजे माळावरची धरायलाही हरकत नाही.
वस्तुस्थिती : उघडपणे विकली जाते ती पाळीव जपानी बटेर. १९७४ मध्ये ती अमेरिकेतून इज्जतनगरला आणली गेली. आपल्या माळावरचे लावे निराळे. त्यांतही लाव्यासारखंच दिसणारं एक पाखरू मुळात लाव्याच्या कुळातलंच नाही. त्याला मागचं बोट नसतं. हाका मादी घालते आणि अंडी नर उबवतो. घरट्यावरचा तो नर फाशात अडकला की पुढची सगळी वीण गेली.

गैरसमज : तितर पिकाची नासाडी करतो, म्हणून मारला तर पुण्यच.
वस्तुस्थिती : तो सांडलेले दाणे आणि गवताचं बी टिपतो, हे खरंच आहे. पण वाळवी, भुंगेरे आणि अळ्याही त्याच्याच पोटात जातात. पिकाचं मोठं नुकसान झालंच, तरी मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा त्यानं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. त्याच्याशिवाय हात उचलता येत नाही.

गैरसमज : अमेरिकेत पाखरांची शिकार खुशाल चालते, मग इथंच बंदी का?
वस्तुस्थिती : तिथं परवाना, ठरलेला हंगाम आणि दिवसाला किती पाखरं मारायची याची मर्यादा असते. बंदुका-काडतुसांवर खास कर आहे आणि १९३७ च्या कायद्यापासून तो पैसा वन्यजीवांच्या कामी लागतो. फाशाला हंगाम कळत नाही आणि मर्यादाही कळत नाही.

गैरसमज : माळ म्हणजे पडीक, तिथं झाडं लावली की पाखरांचं भलं.
वस्तुस्थिती : आपल्या भाषेतच हा घोटाळा आहे. माळाला आपण ‘पडीत’ म्हणतो. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रानं तयार केलेल्या देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही कितीतरी खुरटं रान आणि माळ येतं. पण तितर, लावा, धाविक, माळटिटवी यांना उघडं रान आणि मधेमधे गवत-काट्यांचा आडोसाच हवा असतो. तिथं दाट रोपवन उभं राहिलं की पाखरांची जागा जाते.

माळ कुणाचाच नाही असं एकदा मानलं, की त्यावरचं पाखरूही कुणाचं राहत नाही. वरचे बहुतेक समज तिथूनच निघतात. फासेपारध्यांना पिढ्यान्‌पिढ्या हे पाखरू अंगणातल्या कोंबडीसारखं ओळखू येतं. वाशीम-अकोल्याकडं त्यांच्यापैकी काहींनी हीच नजर तणमोराच्या राखणीला लावली. शेतकऱ्याला एवढंही करावं लागत नाही. यंदा धुऱ्यावरचं गवत पेटवायचं राहून गेलं, तर राहू द्यावं. तितराचं घर तिथंच असतं.