चहाबरोबरचं सँडविच

मागच्या वेळी चिठ्ठी आली होती, 'सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, सँडविचवर काय बोलणार?' बोलतो.

आधी कृती. चारच्या चहाचं सँडविच पोट भरायला नसतं, रात्रीच्या जेवणापर्यंत तग धरायला असतं. म्हणून ब्रेड पातळ आणि चटणी घट्ट. आपल्याकडे बिघडतं ते इथेच. कोथिंबीर धुतली, तशीच ओली मिक्सरला लावली, वर पाणी घातलं. पाहुणे येईपर्यंत ब्रेडचा लगदा! लोणी दोन्ही कापांना अगदी कडेपर्यंत लावा. ते चवीला आहेच, पण त्याचं मोठं काम अडवण्याचं; चटणीचं पाणी ब्रेडमध्ये उतरत नाही. काकडीच्या चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी फडक्याने टिपा. कडा सगळ्यात शेवटी कापा. वर घट्ट पिळलेलं ओलसर फडकं. झालं.

आता हे कोणी कोणाच्या हातचं खायचं? याच पुण्यात ऑक्टोबर १८९० मध्ये पंच हौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. कुणी चहा प्यायले, कुणी कप नुसता हाती घेतला. (हशा) घडवून आणलं गोपाळराव जोशांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी. नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं, तेव्हा सुधारकच त्यांच्यावर नाराज झाले.

चहाच्या पत्तीला कुणाची हरकत नव्हती, बरं का. हरकत पाण्याला आणि हाताला. पाव तर आणखी संशयास्पद: पाण्यात मळलेला, परक्याच्या भट्टीतला, गोव्यात तो माडाच्या सुरेने फुगवत. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात पाव येत नसे. वडील तो ओसरीवर, वर्तमानपत्रावर ठेवून खात. पुढे आमच्या घरात सँडविच आलं, ते याच ओसरीवरून आत आलं.

आता माझंच सांगतो. माझ्याकडे चहाला येणारे एक स्नेही अजून विचारतात, 'चटणी कुणी वाटली?' मी म्हणतो, 'मीच.' मग ते खातात. स्वयंपाकाच्या बाईंनी वाटली असती तर? ते मी इतक्या वर्षांत त्यांना विचारलेलं नाही. रानड्यांवर मात्र वर्गात तासन्‌तास टीका केली.

हं, प्रश्न घेऊ या.