उसना शब्द कसा ओळखावा?

होडीला स्वीडिश व नॉर्वेजियनमध्ये ‘बोत’, तर आइसलँडिकमध्ये ‘बाउतुर’ म्हणतात. या रूपांचे मूळ प्राचीन नॉर्स ‘बात्र’ हे होय. दर्यावर्दी समाजाचा हा शब्द घरचाच असणार, असे आपणांस वाटेल. स्वर मात्र वेगळी साक्ष देतो. आदि-जर्मानिक ‘आइ’ प्राचीन इंग्रजीत ‘आ’ होतो, नॉर्समध्ये ‘एइ’. उदाहरणार्थ, दगडाला प्राचीन इंग्रजीत ‘स्तान’, नॉर्समध्ये ‘स्तेइन्न’. या नियमाने होडीसाठी नॉर्समध्ये ‘बेइत’ हवे. तसा शब्द आहेही, पण तो जुन्या काव्यात आढळतो. म्हणूनच ‘बात्र’ प्राचीन इंग्रजी ‘बात’वरून घेतला, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. ज्यांच्या जहाजांचा इंग्लंडने धसका घेतला, त्यांनीच हा शब्द तिकडून उचलावा, हे गमतीचेच!

‘बात’चा धातू ‘चिरणे, फोडणे’ या अर्थाचा असावा. संस्कृत ‘भिद्’ त्याचाच सगोत्र. होडी लाकूड कोरून वा चिरून घडते, हे लक्षात घेतल्यास हा संबंध पटतो. आपली ‘बोट’ (हाताचे बोट नव्हे) हीदेखील इंग्रजीतूनच आली. त्याच ‘बात’च्या आधुनिक रूपातून, कित्येक शतकांनंतर.