पॉइंट निम्मे झाले, आता कार्ड ठेवायचे का?

आज आपण आपल्या रेडिओवर क्रेडिट कार्डाविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, ताई, आमचा आणि त्या कार्डाचा काय संबंध? आम्हालाही असेच वाटायचे. पण आता बँकेत मुदत ठेव ठेवायला गेले, तरी समोरचा माणूस विचारतो, ‘कार्ड घेता का?’ कुणाच्या घरात मुलाच्या नावावर कार्ड आहे, कुणाच्या घरात सुनेच्या. म्हणून हा हिशेब आपल्यालाही यायला हवा.

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या एका गटात एक काकू आहेत. उडदाचे पापड, बिबडे, कुरडया करून विकतात. चार वर्षे पै-पै जमवून त्यांनी पन्नास हजारांची मुदत ठेव ठेवली. त्या ठेवीवरच त्यांना प्रवासाचे क्रेडिट कार्ड मिळाले. लेक सुरतला उधन्यात दिलेली. अमळनेरहून सुरतेला रेल्वेने जाणे-येणे नेहमीचे. कार्डावर खर्च करा, पॉइंट जमवा, त्यातून तिकीट काढा, असे त्यांना सांगितले होते. काकू उडीद डाळ, तेल, पिशव्या असा महिन्याला साधारण आठ हजारांचा माल कार्डावर घेऊ लागल्या. बिल मुलगा भरायचा.

एका बैठकीत त्यांनी मोबाइल आमच्यापुढे धरला. म्हणाल्या, ‘ताई, हाई काय शे?’ बँकेचा इंग्रजीत मेसेज होता. आम्ही तो सगळ्यांसमोर वाचून मराठीत सांगितला. त्यात तीन बदल होते. एक, शंभर रुपयांच्या खर्चावर चार पॉइंट मिळत होते, ते आता दोनच मिळणार. दोन, वर्षाला ७५,००० रुपये खर्च केला की वार्षिक फी माफ होत होती, आता त्यासाठी १,५०,००० रुपये खर्च करावा लागणार. तीन, विमानतळावरच्या लाउंजमध्ये फुकट बसायचे असेल तर आधीच्या तीन महिन्यांत ठरावीक खर्च झालेला हवा.

लाउंज म्हणजे काय, हेही बायकांनी विचारले. विमानतळावर गाडीची वाट पाहावी तशी विमानाची वाट पाहायला एक ऐसपैस खोली असते, तिथे चहा-नाश्ता मिळतो. काकू म्हणाल्या, ‘मी तर विमान आभाळातच पाहिलं.’ सगळ्या हसल्या. पण त्या हसण्यात पहिला धडा होता. जी सवलत आपण कधी वापरणारच नाही, ती वाढली काय आणि कमी झाली काय, आपल्या हिशेबात तिची किंमत शून्य.

मैत्रिणींनो, सवलत कायमची नसते, हे आपल्याला नवीन नाही. रेल्वेत ५८ वर्षांपुढच्या बायकांना तिकिटात ५० टक्के सूट होती. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली. उलट एसटीत १७ मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धे तिकीट लागू झाले. तीही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे, सुरतेच्या गाडीत बसलो तर नवापूरच्या सीमेपर्यंत. आणि जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तेव्हा आपले अर्धे तिकीटही वाढले. शंभराच्या तिकिटाला आधी पन्नास लागत होते, मग सत्तावन्नच्या आसपास लागू लागले. सवलत कागदावर तीच राहिली, पण हातातून जाणारे पैसे बदलले. म्हणून सवलतीचे नाव वाचून थांबायचे नाही, रुपयांत मोजायचे.

कार्डाच्या बाबतीत तर हे आणखी पटपट होते, कारण तिथली सवलत कंपनी ठरवते. मोठ्या शहरांतल्या लोकांनाही याचा अनुभव आला आहे. एअर इंडिया आणि एसबीआय कार्ड यांचे मिळून एक प्लॅटिनम कार्ड आहे. त्यावर एअर इंडियाच्या तिकिटाला शंभर रुपयांमागे १५ पॉइंट मिळायचे, ३१ मार्च २०२५ पासून ते ५ झाले. म्हणजे तिसरा हिस्सा उरला. जुलै २०२५ पासून एसबीआय कार्डाने काही कार्डांवरचा विमानप्रवासातला मोफत अपघात विमाही बंद केला. विस्तारा ही विमान कंपनी नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा विस्ताराच्या नावाने चालणाऱ्या कार्डांच्या सवलतीही बदलल्या. शिकल्या-सवरल्या, पगारदार माणसांनाही पुन्हा कागद-पेन घेऊन बसावे लागले. मग आपण बसलो तर त्यात लाज कसली?

आपल्याकडे रेल्वेचे कार्ड जास्त विचारले जाते. आयआरसीटीसी आणि एसबीआय यांच्या प्लॅटिनम कार्डाची जाहिरात आहे, तिकिटावर १० टक्क्यांपर्यंत परतावा. पण तो एसीच्या डब्यांसाठी आणि चेअर कारसाठी आहे. आपण जातो स्लीपरने नाही तर जनरलने. म्हणून ‘पर्यंत’ हा शब्द दिसला की थांबा आणि विचारा, कुठल्या डब्यासाठी, कुठल्या खर्चावर, किती रुपयांपर्यंत?

आता काकूंचा हिशेब बघू. आम्ही तो गटाच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला. तुम्हीही मनात मांडत चला.

काकूंचा वर्षाचा कार्डावरचा खर्च ९६,००० रुपये. चार पॉइंट म्हणजे तिकिटात एक रुपया. जुन्या अटीप्रमाणे वर्षाला ३,८४० पॉइंट, म्हणजे ९६० रुपये. फी माफ होती. तेव्हा ९६० रुपये निव्वळ फायदा. वाईट नव्हता.

नव्या अटीप्रमाणे त्याच खर्चावर १,९२० पॉइंट, म्हणजे ४८० रुपये. फी माफ होणार नाही. फी ४९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८९ रुपये. चारशे ऐंशी मिळवायला पाचशे एकोणनव्वद द्यायचे. वर्षाला १०९ रुपये तोटा.

इथे काकूंच्या मुलाने तोड काढली. तो म्हणाला, ‘खर्च दीड लाखावर नेऊ. गटातल्या सगळ्यांचा किराणा आपल्या कार्डावर घेऊ, त्या आपल्याला रोख देतील.’ बोलणे चुकीचे नव्हते. दीड लाखावर ७५० रुपये मिळाले असते, फी वाचली असती. तोट्यातून फायद्यात, म्हणजे साधारण साडेआठशे रुपयांचा फरक. दोन-तीन जणी लगेच तयारही झाल्या.

पण आमच्या सचिव ताईने वही बंद केली नाही. तिने विचारले, ‘आपल्यातल्या एकीचे पैसे वेळेवर आले नाहीत तर?’ बैठकीत शांतता झाली, कारण उन्हाळ्यात कोणाचा हप्ता मागे पडतो, हे प्रत्येकीला माहीत होते.

तेव्हा मुलाला विचारले, बिल नेहमी पूर्ण भरतोस ना? तो आधी बोलला नाही. मग म्हणाला, दिवाळीच्या महिन्यात ‘मिनिमम’ भरले होते. मैत्रिणींनो, हा शब्द नीट लक्षात ठेवा. बिलावर दोन रकमा असतात. एक पूर्ण देणे, दुसरी किमान देणे. किमान रक्कम भरली की उशिराचा दंड लागत नाही, पण उरलेल्या रकमेवर व्याज सुरू होते. आणि बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

काकूंचे त्या महिन्याचे बिल ८,००० रुपये. किमान म्हणून भरले ४००. उरले ७,६००. त्यांच्या कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्के. साडेतीन ऐकायला लहान वाटते, पण ते महिन्याचे आहे, वर्षाचे ४२ टक्के झाले. एका महिन्याचे व्याज २६६ रुपये, त्यावर जीएसटी ४८. एकूण ३१४ रुपये. खरे व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात, म्हणून ते याहून जास्तच लागते. वर्षभराच्या ४८० रुपयांच्या पॉइंटांपैकी ३१४ एका महिन्यात गेले.

तेच ७,६०० रुपये काकूंनी आपल्या गटातून दोन टक्क्यांनी घेतले असते तर महिन्याला १५२ रुपये व्याज लागले असते. आणि तेही गटाच्या पेटीत आले असते, म्हणजे आपल्याच घरात. त्या दिवाळीत गटाकडे शिल्लक होती. काकूंना बिल थकल्याचे माहीतच नव्हते.

शिवाय हे कार्ड ठेवीवरचे होते. बिल थकले तर बँक ठेवीतून पैसे वळते करून घेऊ शकते. म्हणजे साडेआठशे रुपयांसाठी काकूंचे पन्नास हजार आणि गटातल्या बायकांचा एकमेकींवरचा विश्वास, दोन्ही पणाला लागणार होते. हे कळल्यावर किराण्याची योजना कोणी पुढे रेटली नाही.

मग कार्ड वाईटच का? तसे आम्ही म्हणणार नाही. पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्या माणसाला महिना-दीड महिना बिनव्याजी वापरायला मिळतो. वेळेवर परतफेडीची नोंद सिबिलमध्ये चांगली राहते, पुढे धंद्यासाठी कर्ज घेताना ती उपयोगी पडते. काकूंच्या मुलाने हेच सांगितले आणि त्यात तथ्य आहे. पण त्यासाठी फीचे कार्ड लागत नाही. गटाच्या बँक कर्जाचे हप्ते वेळेवर फेडले तरी आपली पत वाढते. एक मात्र पक्के सांगतो, क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नका. त्यावर वेगळा आकार लागतो आणि व्याज पहिल्या दिवसापासून चालू होते.

आता आपले हक्क. रिझर्व्ह बँकेचे कार्डांविषयीचे नियम १ जुलै २०२२ पासून लागू झाले. त्यांतले चार लक्षात ठेवा. पहिला, न मागता कार्ड देता येत नाही. दुसरा, फी किंवा इतर आकार बदलायचे असतील तर किमान एक महिना आधी कळवावे लागते आणि बदल पुढच्या काळासाठीच लागू होतो. तिसरा, वाढलेला आकार आपल्याला परवडत नसेल तर सगळे देणे फेडून कार्ड परत करता येते, त्यासाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत. चौथा, देणे फिटलेले असेल तर बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करावी लागते. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा असतो. तक्रार आधी लेखी बँकेकडे करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. हो, पण फोन करून कोणी ओटीपी मागितला तर तो लोकपालही नाही आणि बँकही नाही. सरळ फोन ठेवून द्या.

काकूंनी काय केले? दोन दिवस विचार केला. मग आधी जमलेले पॉइंट वापरून सुरतेचे तिकीट काढले, कारण कार्ड बंद झाले की उरलेले पॉइंट सहसा बुडतात. मोबाइलच्या रिचार्जला कार्ड जोडलेले होते, ते काढून टाकले. पूर्ण बिल भरले. बंद करण्याची विनंती केली आणि तिचा क्रमांक वहीत लिहून ठेवला. सहाव्या दिवशी बंद झाल्याचा मेसेज आला. तरी त्या थांबल्या नाहीत. बँकेत जाऊन काही बाकी नसल्याचे पत्र घेतले आणि ठेवीवरचा बोजा उतरला का, तेही विचारून आल्या. शेवटी कात्रीने कार्डाचे चार तुकडे केले. मुलगा थोडा नाराज आहे. त्याचे म्हणणे, एक कार्ड घरात असावे. असू दे, पण बिनफीचे, त्याच्या नावावर आणि बिल आईला दाखवून. काकूंची तेवढीच अट आहे.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचत आणि कर्जाचे कामकाज संपले की दहा मिनिटे काढा. ज्यांच्या घरात कार्ड आहे, त्यांनी शेवटचे बिल आणि बँकेचे मेसेज घेऊन या. वहीत चार ओळी लिहा. वर्षाला पॉइंटांतून खरोखर किती रुपये वापरले? फी जीएसटीसह किती गेली? व्याज आणि दंड किती गेला? आणि पॉइंट मिळतात म्हणून एरवी केला नसता असा खर्च किती झाला? पहिल्या रकमेतून बाकीच्या तिन्ही वजा करा. अटी बदलल्याचा मेसेज आला की हाच हिशेब पुन्हा करा. इंग्रजी वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या, पण न वाचता पुसून टाकू नका.

काकू परवा सुरतेहून आल्या. नातवाला बिबडे फार आवडले म्हणाल्या. येताना तिकीट रोख पैशांनी काढले आणि उरलेले सुटे गटाच्या बचतीत टाकले. पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोपर्यंत नमस्कार.