काचेतलं पाणी (लेखांक ६) : बोअरचं पाणी आणि हिरवी काच

आमच्या केनवड गावाहून लोणार लांब नाही. तिथल्या विवरात पाणी येतं, पण बाहेर पडायला वाट नाही. उन्हानं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. सामू दहाच्या आसपास असलेल्या त्या पाण्यात स्पिरुलिनासारखे सूक्ष्मजीव इतके माजतात की सरोवर हिरवं दिसतं. जून २०२० मध्ये तेच सरोवर गुलाबी झालं. पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं.

घरातल्या फिश टँकलाही बाहेर जाणारी वाट नसते. आत पडलेलं खाद्य, माशांची विष्ठा, कुजलेली पानं सगळं तिथंच राहतं. मागच्या आठवड्यात आपण फिल्टरमधले जिवाणू पाहिले. ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. मासे त्यामुळे वाचतात, पण नायट्रेट पाण्यातच साठतं. त्याला फॉस्फेटची आणि उजेडाची जोड मिळाली की शेवाळ वाढणारच.

म्हणून पुस्तकं सांगतात, दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. सल्ला बरोबर आहे, पण आपल्या भागात तो अपुरा पडतो. आपण ओततो ते बोअरचं किंवा विहिरीचं पाणी. भोवताली शेती, शेतात खतं, गुरांचे गोठे. पावसाबरोबर नायट्रेट जमिनीत मुरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं, असं भारतीय मानक सांगतं. समजा तुमच्या बोअरमध्ये ४० आहे. पिण्याच्या दृष्टीनं ते मर्यादेत आहे, पण त्याच पाण्यानं कितीही वेळा पाणी बदललं तरी टाकीतलं नायट्रेट ४० च्या खाली येणार नाही. काच घासून हात दुखतील, शेवाळ मात्र परत येईल.

तेव्हा आधी टाकीचं नव्हे, बोअरचं पाणी तपासा. मत्स्यपालनाच्या दुकानात नायट्रेटच्या पट्ट्या मिळतात. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी दिलेल्या पाणी तपासणी संचातही नायट्रेटची चाचणी असते. ग्रामपंचायतीत विचारून पाहा.

नायट्रेट जास्त निघालं तर पावसाचं पाणी साठवा. पहिल्या दोन-तीन सरींनी छत धुऊन जाऊ द्या, मग पिंप भरा. पाणी बदलताना मात्र निव्वळ पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतात, सामू अचानक घसरतो आणि मासे दगावतात. निम्मं बोअरचं, निम्मं पावसाचं असं मिश्रण चांगलं.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. टाकीची पातळी रोज खाली जाते आणि आपण वरून बोअरचं पाणी घालत राहतो. उडालेल्या पाण्यातले क्षार आतच असतात, त्यात नवे मिळतात. लोणारचंच गणित इथंही लागू होतं. नुसती भर घालायची असेल तेव्हा पावसाचं किंवा आरओचं पाणीच घाला.

बाकीचं सोपं आहे. खिडकीचं थेट ऊन टाकीवर पडू देऊ नका. दिवा दिवसाला सहा ते आठ तासच ठेवा. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच टाका. मासे कायम भुकेलेले दिसतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया अशा भराभर वाढणाऱ्या वनस्पती लावा. शेवाळाचंच अन्न त्या आधी उचलतात.

पाणीच हिरवं झालं असेल तर टाकी जाड कापडानं झाकून तीन दिवस पूर्ण अंधारात ठेवा. हवेचा पंप मात्र चालूच हवा. मेलेलं शेवाळ कुजताना ऑक्सिजन खातं, म्हणून नंतर लगेच पाणी बदला. नव्या टाकीतला तपकिरी थर डायाटमचा असतो. तो बोटानं पुसला जातो आणि काही आठवड्यांत बहुधा आपोआप थांबतो. निळसर हिरवा, बुळबुळीत, वास मारणारा थर खरं तर शेवाळ नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया, लोणारच्या स्पिरुलिनाचेच नातेवाईक. तो नळीनं ओढून काढा.

शेतकऱ्याच्या घरात मोरचूद हाताशी असतं आणि त्यानं शेवाळ मरतंही. पण तांबं माशांनाही विषारी आहे, गोगलगायी आणि कोळंबीला तर फारच. ते टाकीत अजिबात टाकू नका. फवारणी करून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय टाकीत हात घालू नका. पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकाचा अंशसुद्धा माशांना मारतो.

दुकानदार शेवाळ खायला सकर मासा देतात. लहानपणी तो काच चाटतो, मोठेपणी फूट-दीड फुटाचा होतो, शेवाळापेक्षा खाद्यावर जास्त जगतो आणि टाकीत घाण वाढवतो. मग कंटाळून लोक तो नदीत किंवा तलावात सोडतात. उजनीच्या जलाशयात हा परका मासा पसरला आहे आणि मच्छीमारांची जाळी त्याच्या काटेरी परांनी फाटतात. आपल्या धरण-तलावांत तो नको. शेवाळासाठी गोगलगायी पुरतात. टाकीतून काढलेलं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला घाला. तेच नायट्रेट तिथं खत होतं.

पुढच्या आठवड्यात : भारनियमनाच्या काळात टाकीतली हवा कशी टिकवायची.