जादा टाकीचा हिशोब

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला एक खोड कायमची जडलेली असते. कुणी काही विकत घेतलं, की त्याच्या मनात लगेच हिशोब सुरू होतो : पैसे किती गेले, परत किती येणार, किती दिवसांत येणार? मी बत्तीस वर्षं हेच केलं. त्यामुळे २०२४च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, सॅन अँजेलो नावाच्या गावी मुलीकडे मुक्कामाला असताना, शेजारच्या म्हातारबांनी आपल्या पिकअपच्या हौद्यात डिझेलची जादा टाकी बसवायला घेतली, तेव्हा मी खिशातलं पेन काढलं.

सॅन अँजेलोचा परिसर आमच्यासारख्यांना परका वाटत नाही. गावाबाहेर पडलं की कापसाची शेतं. मी यवतमाळ जिल्ह्यात सहा वर्षं काढलेली, त्यामुळे बोंडं फुटलेलं शेत पाहिलं की माझे पाय आपोआप मंदावतात. फरक अंतरांचा. इथे शेजारचं गाव म्हणजे तासाभराचा रस्ता आणि शेजारचं शहर म्हणजे अर्धा दिवस. ह्युस्टनच्या मोठ्या इस्पितळात जायचं तर सहाशे किलोमीटर. साहजिकच पिकअप ही इथे चैन नसून बैलगाडीसारखी घरची वस्तू आहे.

म्हातारबांचं वय अठ्ठ्याहत्तर. कापूस करायचे, आता जमीन बटाईने दिलेली. पिकअप डिझेलची, मूळची टाकी चौतीस गॅलनांची. गॅलन म्हणजे पावणेचार लिटरहून किंचित जास्त. गाडी गॅलनला सोळा मैल देते, म्हणजे एकदा टाकी भरली की साडेपाचशेच्या आसपास मैल, आठशे सत्तर किलोमीटर. एवढं असताना या गृहस्थांना आणखी साठ गॅलनांची टाकी कशाला हवी, हा माझा पहिला प्रश्न. तो मी मनातच ठेवला आणि पाने हातात द्यायला उभा राहिलो.

काम वाटलं होतं त्यापेक्षा बारीक निघालं. टाकी लोखंडी, हौद्याच्या रुंदीची, चालकाच्या केबिनला पाठ टेकून बसणारी. आत आडवे पत्रे लावलेले असतात. ते नसतील तर ब्रेक मारल्यावर सगळं डिझेल एकदम पुढे धावतं आणि त्याचा धक्का गाडीला बसतो. साठ गॅलन डिझेलचं वजन एकशे नव्वद किलो, टाकीचं स्वतःचं पन्नासएक किलो. म्हणजे जवळजवळ अडीच क्विंटल ओझं कायमचं पाठीवर. गाडी किती ओझं वाहू शकते याची चिठ्ठी चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेली असते. म्हातारबांनी आधी ती वाचली, त्यातून टाकीचं वजन वजा केलं, माणसांचं केलं, आणि उरलेला आकडा मला दाखवला. कर्जदाराची परतफेडीची ऐपत आम्ही अशीच काढत असू.

मग ते गाडीखाली आडवे झाले. भोक वरून पाडायचं असलं तरी आधी खालून बघायचं, हा पहिला नियम. कारण हौद्याच्या पत्र्याखालूनच ब्रेकच्या नळ्या, तारा आणि मूळची टाकी गेलेली असते. घाईत ड्रिल चालवणाऱ्यांनी आपल्याच टाकीला भोक पाडल्याच्या गोष्टी तिथे चवीने सांगतात. दुसरा नियम, बोल्ट नुसत्या पत्र्याला आवळायचे नाहीत, खालच्या आडव्या पोलादी पट्ट्यांना धरून आवळायचे. अपघातात पत्रा फाटतो आणि टाकी सुटते. टाकीची जागा हा किती गंभीर मामला आहे हे अमेरिकेने चांगलंच अनुभवलं आहे. जनरल मोटर्सच्या १९७३ ते १९८७ या वर्षांतल्या पिकअपना टाक्या चासीच्या बाहेरच्या बाजूला होत्या. बाजूने धडक बसली की त्या पेट घेतात, अशा तक्रारींवरून वर्षानुवर्षं वाद चालला. १९९४च्या डिसेंबरात सरकारने कंपनीशी तडजोड केली आणि कंपनीने सुरक्षेच्या कार्यक्रमांसाठी पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम द्यायचं कबूल केलं.

जोडणी अशी असते : जादा टाकीच्या तळातून एक नळी निघते, तिला कॉक, आणि पुढे ती मूळच्या टाकीच्या भरण्याच्या नळीला ‘टी’ लावून जोडायची. वरची टाकी उंचावर असल्यामुळे डिझेल आपल्या वजनाने खाली उतरतं, पंप लागत नाही. खालची टाकी भरली, हवेला बाहेर पडायला वाट उरली नाही, की उतरणं थांबतं. व्यापारी वाहनांच्या नियमात अशा वरच्या टाकीतून थेट इंजिनाला इंधन द्यायला बंदी आहे. ते आधी मूळच्या टाकीत गेलं पाहिजे. हा सगळा खटाटोप डिझेलपुरता. तिथलं डिझेल बावन्न अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्याशिवाय पेटण्याजोगी वाफ देत नाही. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांतही देतं. पेट्रोलच्या गाडीला असली टाकी घरी जोडणं म्हणजे अंगणात सुरुंग पेरणं.

‘‘आणि एक लक्षात ठेवा,’’ म्हातारबा गाडीखालून म्हणाले, ‘‘वरचा कॉक उघडा असताना खालचं झाकण उघडायचं नाही.’’ उघडलं तर वरचं सगळं डिझेल खालच्या तोंडातून बाहेर.

दुपारी लिंबूपाणी पिताना मी माझा हिशोब त्यांच्यापुढे ठेवला. टाकी आणि सामान मिळून तेराशे डॉलर गेले होते. स्वस्त पंपावर एकदम भरून घेतलं तर गॅलनमागे वीस सेंट वाचतील. साठ गॅलनांना बारा डॉलर. म्हणजे टाकी शंभराहून जास्त वेळा रिकामी करून भरली तर पैसे वसूल. त्यांच्या वापराने त्याला वीस वर्षं लागतील, असं मी जरा चाचरतच म्हटलं. शिवाय शेतीसाठी लाल रंगाचं, करमुक्त डिझेल मिळतं, ते यात भरताही येत नाही. रस्त्यावरच्या गाडीत ते सापडलं तर गॅलनला दहा डॉलर किंवा हजार डॉलर, जे जास्त असेल तो दंड. आपल्याकडे रेशनचं रॉकेल निळं करत, त्यातलाच प्रकार.

म्हातारबा हसले. मग त्यांनी २०२१च्या फेब्रुवारीची गोष्ट सांगितली.

त्या महिन्यात टेक्सासवर बर्फाचं वादळ आलं. १५ फेब्रुवारीच्या पहाटे वीज तोडायला सुरुवात झाली आणि पंचेचाळीस लाखांवर घरं अंधारात गेली. टेक्सासचं वीजजाळं देशाच्या बाकीच्या जाळ्यांपासून जवळजवळ वेगळं, त्यामुळे शेजारून उसनी घ्यायची सोय नाममात्र. सबंध जाळं कोसळण्यापासून ते चार मिनिटं सदतीस सेकंद दूर होतं, असं नंतर उघड झालं. राज्याच्या आरोग्य खात्याने मृतांचा आकडा २४६ दिला. जिथल्या जमिनीतून देशाचं तेल निघतं तिथे ही गत. १९७३च्या तेलबंदीनंतर अमेरिकेने १९७५ साली कायदा करून राष्ट्रीय तेलसाठा उभारला. त्याची मिठाची भुयारं याच टेक्सासात आणि शेजारच्या लुइझियानात आहेत. पण भुयारातलं तेल गल्लीत येत नाही.

म्हातारबांच्या पत्नीला तेव्हा ऑक्सिजनचं यंत्र लावलेलं होतं. ते विजेवर चालणारं. घरी लहानसं डिझेल जनरेटर होतं, दोन कॅन डिझेल होतं. ते दुसऱ्या दिवशी संपलं. पिकअपची टाकी नेमकी पाव भरलेली. तीही काढून जनरेटरला पाजली. गावातले पंप बंद, कारण पंप विजेवर. दुसऱ्या रात्री जनरेटर धापा टाकत थांबलं. थोड्या वेळाने दारावर थाप पडली. गल्लीच्या टोकाला राहणारा, तेलविहिरींवर काम करणारा एक तरुण उभा होता. दोघांची ओळख हात हलवण्यापुरती. ‘‘तुमच्या जनरेटरचा आवाज थांबला,’’ एवढंच तो म्हणाला. त्याच्या पिकअपच्या हौद्यात टाकी होती. वीस गॅलन देऊन गेला, पैसे घेतले नाहीत. पुढे नोकरी बदलून तो दुसऱ्या गावी गेला.

‘‘ती त्यानंतर दोन वर्षं होती,’’ म्हातारबा म्हणाले. ‘‘आता मला एकट्याला किती लागतं? पण या गल्लीत आता टाकीवालं कुणी नाही.’’

मी कागद घडी करून खिशात ठेवला. मला दुसराच एक कागद आठवला होता.

१९९० सालचा पावसाळा संपत आला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाखेत मी शेतीकर्जं पाहत होतो. एका शेतकऱ्याने विहिरीवर बसवायच्या पाच अश्वशक्तीच्या ऑइल इंजिनासाठी अर्ज केला. कोटेशनमध्ये शेवटी एक ओळ होती : दोनशे लिटरचा ड्रम आणि डिझेल, मिळून दीड हजारांच्या आसपास. मी ती ओळ लाल शाईने कापली आणि समासात ‘अनावश्यक’ असं लिहिलं. तो म्हणाला, ‘‘सायेब, इंजिन तं देऊन ऱ्हायले, पन वेळेवर त्याले पाजू काय?’’ मी म्हणालो, तालुक्याला पंप आहे की. १९९१च्या जानेवारीत आखाती युद्ध पेटलं आणि तालुक्याच्या पंपावर डिझेलसाठी कॅनच्या रांगा लागल्या. त्याचा गहू ओंबीवर होता, विहिरीत पाणी होतं, विहिरीवर नवं कोरं इंजिन होतं. एक पाणी चुकलं. शाखेच्या वहीत त्याचा हप्ता थकला तेव्हा नोटीस माझ्याच सहीने गेली. मी वसुलीला गेलो तेव्हा त्याने चहा पाजला. ड्रमचा विषय काढला नाही.

गंमत बघा. त्या काळात माझी स्वतःची बँक दर शंभर रुपयांच्या ठेवीतले पंधरा रुपये रिझर्व्ह बँकेकडे आणि साडेअडतीस रुपये सरकारी रोख्यांत वगैरे अडकवून ठेवत होती. कायदाच तसा होता. आणि त्याच वर्षीच्या जुलैत, परकीय चलनाची गंगाजळी आटली म्हणून देशाला सुमारे ४७ टन सोनं इंग्लंड आणि जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे गहाण टाकावं लागलं. राखीव साठा म्हणजे काय हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. तो बँकेला लागतो, देशाला लागतो, हे मी पाठ केलं होतं. दोन एकर गव्हालाही लागतो, एवढंच सुचलं नाही.

साठा केला म्हणजे झालं, असंही नाही. जादा टाकी काठोकाठ भरत नाहीत. उन्हात डिझेल फुगतं, म्हणून पाच टक्के जागा मोकळी सोडतात. झाकणाला हवा जायची वाट लागते, आणि गाडी उलटली तर ती बंद होईल अशी झडपही. पडून राहिलेल्या डिझेलमध्ये पाणी जमतं, त्यात जंतूंची शेवाळासारखी साय धरते. कडाक्याच्या थंडीत त्यातलं मेण गोठून नळी तुंबते, म्हणून हिवाळ्यात औषध मिसळावं लागतं. म्हणजे वरचं खाली उतरवत राहायचं, नवं भरत राहायचं. कणगीतलं धान्य आपल्या आज्या असंच फिरतं ठेवायच्या. नुसता धरून ठेवलेला साठा ऐन वेळी दगा देतो.

संध्याकाळी शेवटचा बोल्ट आवळून झाला. आम्ही पंपावर गेलो. सत्तावन्न गॅलनांवर म्हातारबांनी हात आखडला. घरी आल्यावर त्यांनी टाकीवर खडूने तारीख लिहिली आणि तिच्यावरच्या हातपंपाला आठ-दहा हात लांबीची नळी जोडली. गाडीला ती नळी लागत नाही. दुसऱ्याच्या जनरेटरपर्यंत पोचायला लागते.

मग गुडघे धरत उठत ते मला म्हणाले, ‘‘वरचा कॉक बंद आहे का, तेवढं पाहता का?’’

मी वाकून पाहिलं. बंद होता.