दोन गळे, एक गाणे

अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण संगीताला 'कंट्री' असे नाव आहे. भावाभावांनी जोडीने गाण्याची त्या संगीतात जुनी परंपरा असून, लुव्हिन बंधूंचे नाव तिच्यात अग्रभागी घ्यावे लागते. कलेतील सुसंवाद आणि जीवनातील विसंवाद किती निकट नांदू शकतात, याचा त्यांची कारकीर्द हा बोलका दाखला होय.

इरा (जन्म १९२४) आणि चार्ली (जन्म १९२७) हे अलाबामातील कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे पुत्र. मूळ आडनाव लाउडरमिल्क. त्यांच्या सँड माउंटन परिसरात 'सेक्रेड हार्प' ही वाद्यांविना, चार स्वरपंक्तींत भक्तिगीते गाण्याची सामुदायिक पद्धत रूढ होती. तिचे संस्कार दोघांवर बालपणीच झाले. आपल्याकडील जुगलबंदीत गायक बहुधा आळीपाळीने पुढे येतात; हे बंधू मात्र एकाच क्षणी तेच शब्द निरनिराळ्या सुरांवर गात. चार्ली मुख्य चाल धरी, इरा वरचा सूर लावी. चाल फार चढली की दोघे आपापल्या जागा बदलत, आणि त्यासाठी साध्या खुणेचीही त्यांना गरज भासत नसे.

१९५५ साली नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या प्रतिष्ठित कार्यक्रमात त्यांना स्थान मिळाले. पुढच्याच वर्षी त्यांचे एक गीत लोकप्रियतेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. परंतु पाप आणि व्यसन यांविरुद्ध तळमळीने गाणारा इरा स्वतः मद्याच्या आहारी गेलेला होता. संतापाच्या भरात तो आपले मँडोलिन फोडी. अखेर १९६३ मध्ये जोडी फुटली आणि १९६५ मध्ये मोटार अपघातात इराचा अंत झाला.

इराला ढोंगी ठरवणे सोपे आहे; पण ते न्याय्य ठरणार नाही. ज्या पापाचे भय तो गात असे, त्याचा दाह त्याला इतरांहून अधिक जाणवत असला पाहिजे. मात्र अशा उद्ध्वस्त प्रतिभेचे गोडवे गाताना, तिला वर्षानुवर्षे सांभाळून घेणाऱ्याचा आपल्याला सहज विसर पडतो. चार्लीने ही जोडी शक्य तितका काळ टिकवली, हेही कर्तृत्वच मानले पाहिजे. सुरेल साथ करण्यासाठी स्वतःचा गळा आवरावा लागतो, आणि हा संयम टाळ्यांच्या हिशेबात सहसा धरला जात नाही.

२००१ मध्ये कंट्री संगीताच्या सन्मानदालनात या बंधूंचा समावेश झाला, तेव्हा तो गौरव स्वीकारण्यास एकटा चार्ली हयात होता. २०११ मध्ये निधन होईपर्यंत तो गात राहिला. दोघे पूर्वी एकाच ध्वनिक्षेपकापुढे उभे राहत. त्यामुळे जोडसुराची वेळ आली की आपण आजही बाजूला सरकतो, असे तो उतारवयात सांगत असे.